न घेतलेली लाली

गेल्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वीची गोष्ट. सहामाही परीक्षेचे पेपर तपासण्याची आमची घाई चालली होती. परंतु वर्गातील मुलींचे लक्ष गुणांकडे नसून एका निराळ्याच घटकेकडे लागलेले होते. शुक्रवारी सायंकाळी ठीक सात वाजता ओठांस लावावयाची एक नवी लाली विक्रीस निघावयाची होती. ती कोणत्या कंपनीची, हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. आज एकीचे नाव असते, उद्या दुसरीचे. तिच्या डबीचा आकार, तिच्या रंगांची नावे, ती लावणाऱ्या नटीचे हास्य, हे सर्व आम्हांस अकरा दिवस आधीपासून पाठ झाले होते. कारण आमची भाची शिक्षणाकरिता आमच्याच घरी असते, ती नववीत आहे, आणि तिच्या मोबाईलवर इन्स्टाग्राम उघडले की घटका-पळे मोजणारे एक घड्याळ त्या लालीच्या चित्राखाली उलटे फिरत असलेले दिसे.

येथे आरंभीच एक कबुली दिली पाहिजे. ती लाली केवळ भाचीसच हवी होती असे नाही. आम्हांसही हवी होती. चाळिशी उलटलेल्या, चष्मा लावणाऱ्या आणि रसायनशास्त्र शिकविणाऱ्या बाईंस असा मोह व्हावा, याचे कोणास हसू येईल तर येवो. विटेच्या रंगाची एक छटा आम्ही मनात ठरवून ठेविली होती. भाचीने फिकट गुलाबी निवडली होती. एका लालीची किंमत १,९५० रुपये. दोहोंचे ३,९०० झाले. भाचीजवळ आजीने व वडिलांनी वेळोवेळी दिलेले पैसे बिस्किटांच्या डब्यात साठविलेले होते, त्यांतून तिची भागणार होती. आमची आमच्या पगारातून. ३,९०० रुपयांत आमच्या घरचे सुमारे दोन महिन्यांचे दूध येते. पण दुधाची आठवण अशा वेळी कोणास होते?

ती आठवण झाली ती एका क्षुल्लक कारणाने. शुक्रवारी चारच्या सुमारास भाचीने उत्साहाने त्या कुपीचे चित्र आम्हांस मोठे करून दाखविले, आणि कुपीच्या बुडाशी "३ मिलिलिटर" असे बारीक अक्षरांत दिसले. औषधाच्या लहान चमच्यात ५ मिलिलिटर मावतात, हे घरोघरच्या मातांस ठाऊक आहे. म्हणजे पाऊण चमचाही नव्हे. आमच्या धंद्याची सवय अशी की, आकडा दिसला की भागाकार केल्यावाचून राहवत नाही. मिलिलिटरास ६५० रुपये. लिटरास साडेसहा लक्ष रुपये! भाची म्हणाली, "मावशी, लिपस्टिक कोणी लिटरने घेतं का?" तिचे म्हणणे खरे होते. तरीही आम्ही चित्र आणखी मोठे केले आणि घटकांची यादी वाचू लागलो.

या ठिकाणी आमच्या विद्यार्थ्यांनी थोडे लक्ष द्यावे. कारण हा भाग परीक्षेत विचारला जाणार नाही, म्हणूनच तो लक्षात राहण्यासारखा आहे. जुन्या पद्धतीची, कांडीच्या रूपातील लिपस्टिक ही मूलतः तेल, मेण आणि रंग यांचे मिश्रण होय. तिच्यातील तेल पुष्कळदा एरंडेल असते. होय, तेच एरंडेल, जे पूर्वीची मुले नाक दाबून पीत असत. आणि जगात सर्वांत अधिक एरंडेल आपल्या देशातच, विशेषतः गुजरातेत, निघते. मेण मधमाश्यांचे, किंवा ब्राझील देशातील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे, ज्यास कार्नौबा म्हणतात. नव्या पद्धतीची द्रवरूप लाली याहून निराळी असते. तिच्यात आयसोडोडेकेन नावाचा एक हलका द्रव असतो. तो ओठांवरून काही मिनिटांत उडून जातो आणि मागे सिलिकॉनच्या जातीच्या राळेचा एक पातळ पापुद्रा रंगास धरून बसतो. म्हणून ती पेल्यास लागत नाही, आणि म्हणूनच ती लावून चार तास झाले की ओठ भेगाळल्यासारखे होतात. यात जादू नाही, बाष्पीभवन आहे.

आणि रंग? विटेचा, तपकिरी, किरमिजीकडे झुकणारा, अशा छटांतील मोठा भाग लोहाच्या ऑक्साइडांचा असतो. तांबडे लोह-ऑक्साइड म्हणजे आपला गेरू. प्रसाधनाकरिता तो कारखान्यात शुद्ध स्वरूपात बनवितात, एवढाच भेद. परंतु जात तीच, जी अंगणातील कुंड्यांस व वृंदावनास आपण फासतो. ज्या विटकरी छटेकरिता आमचे मन अकरा दिवस झुरत होते, ती गेरू निघाली, याचे आमचे आम्हांसच हसू आले. तथापि भाचीस हसू आले नाही. ती एवढेच म्हणाली, "गेरू असला तरी तो छान दिसतो ना?" दिसतो, हेही खरे. कोळसा आणि हिरा एकाच मूलद्रव्याचे असतात, असे आम्हीच वर्गात शिकवीत आलो आहो. म्हणून केवळ घटक सांगून एखाद्या वस्तूचे मोल पाडता येत नाही. आमचा पहिला युक्तिवाद असा त्या मुलीने एका वाक्यात निकामी केला.

मग आम्ही तिला अमेरिकेतील एक हकीकत सांगितली. कॅलिफोर्निया प्रांतात कायली जेनर नावाची एक तरुणी आहे. तिच्या कुटुंबाचे घरगुती आयुष्य दूरचित्रवाणीवर दाखविले जात असल्यामुळे ती बालपणापासूनच प्रसिद्ध झाली. ३० नोव्हेंबर २०१५ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, तिने "लिप किट" नावाची जोडी विक्रीस काढली: एक द्रवरूप लाली आणि तिच्याच रंगाची एक पेन्सिल, किंमत २९ डॉलर. रंग तीन. नग १५,०००. एक मिनिट पुरते होण्याच्या आत सर्व संपले. पाठोपाठ ईबेसारख्या बाजारांत त्याच जोड्या मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकावयास निघाल्या, आणि ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांची हळहळ हीच पुढच्या विक्रीची जाहिरात झाली.

आता यापुढचे ऐका. ज्या मंडळींच्या कारखान्यात ही लाली तयार होत असे, त्यांच्याच घरची कलरपॉप नावाची दुसरी लाली त्या काळी ६ डॉलरांस मिळत होती. दोहोंच्या घटकांच्या याद्या पुष्कळ मिळत्याजुळत्या आहेत, हे गिऱ्हाइकांच्या लवकरच ध्यानी आले. येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. यादी सारखी म्हणजे वस्तू सारखीच, असे सिद्ध होत नाही. यादीत घटकांचा क्रम कळतो, प्रमाण कळत नाही, आणि एकाच पिठाची एकीची भाकरी फुगते व दुसरीची फुगत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु २९ आणि ६ यांमधील अंतर केवळ कृतीतील कौशल्याचे असेल, यावर विश्वास ठेवणे कठीण जाते. पेन्सिलीचे चार-पाच डॉलर वजा केले तरी बाकी बरीच उरते, आणि ती बाकी म्हणजे नावाची किंमत होय.

आणि जे "थोडेच नग" म्हणून जग धावले, त्या थोडेपणाचे पुढे काय झाले? फेब्रुवारी २०१६ मध्ये, म्हणजे अवघ्या तिसऱ्या महिन्यात, तीच लाली सहा रंगांत आणि पाच लक्ष नगांच्या साठ्यानिशी पुन्हा बाजारात आली. ज्या मुलींनी डिसेंबरात चौपट-पाचपट मोल दिले असेल, त्यांनी लालीकरिता नव्हे तर अडीच महिन्यांच्या धीराकरिता ते दिले. २०१९ च्या नोव्हेंबरात कोटी नावाच्या मोठ्या कंपनीने त्या उद्योगाचा ५१ टक्के हिस्सा ६० कोटी डॉलरांस घेण्याचा करार केला. धंदा म्हणून त्या तरुणीच्या हुशारीस आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु एक गोष्ट आम्हांस विशेष लागली. ज्या भरीव ओठांच्या आशेने जगभरच्या मुलींनी ती लाली घेतली, ते ओठ सुईने औषध भरून तसे केलेले आहेत, हे तिने २०१५ च्या मे महिन्यातच, लाली विक्रीस निघण्यापूर्वी, आपल्या तोंडाने सांगितले होते. लपविलेले काहीच नव्हते. तरीही लोकांनी लालीच घेतली. हे वाचून हसण्यापूर्वी आम्हांस आमची विटकरी छटा आठवली, आणि आम्ही गप्प राहिलो.

साडेपाच वाजले. भाचीने हकीकत ऐकून घेतली आणि मग जे म्हटले ते आम्ही येथे जसेच्या तसे देत आहो, कारण या सर्व लेखाचे कारण तेच आहे. ती म्हणाली, "मावशी, सोमवारी सगळ्या त्याच्यावरच बोलणार. माझ्याकडेच नसेल तर मी बोलू कशावर?"

पालकहो, या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही तीन मिलिलिटरांचा हिशेब करीत होतो, आणि ती मुलगी बाकावरील आपल्या जागेचा हिशेब करीत होती. १,९५० रुपये ही तिच्या दृष्टीने लालीची किंमत नव्हतीच. मधल्या सुट्टीत घोळक्याच्या आत उभे राहण्याचा तो कर होता. ही गोष्ट विकणाऱ्यांस आपल्यापेक्षा अधिक नीट कळते. ते उलटे फिरणारे घड्याळ, ते "शेवटचे काही नग", ते "आत्ता ४१२ जणी पाहात आहेत" हे सर्व त्या एका भीतीस लावलेले गळ आहेत. आपल्या देशातील केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा युक्त्यांची यादी करून त्यांस मनाई केली आहे. तीत खोटी घाई उत्पन्न करणे ही एक आहे, आणि न घेणाऱ्यास लाजविणे ही दुसरी. पैसे घेऊन एखाद्या वस्तूची वाखाणणी करणाऱ्यांनी ती जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहावे, असा जाहिरात-मानक परिषदेचा नियमही २०२१ पासून आहे. आम्ही भाचीकडून त्या अकरा दिवसांतील चित्रे पुन्हा उघडवून घेतली. काहींवर तसे लिहिले होते खरे. परंतु ते इतक्या बारीक अक्षरांत व इतक्या ओळींच्या खाली की, चष्मा असूनही आम्हांस दोनदा शोधावे लागले.

ती चित्रे पाहता पाहता आणखी एक गोष्ट ध्यानी आली. भाचीने निवडलेली फिकट गुलाबी छटा तिच्या वर्णास साजणारी नव्हती. ती त्या नटीच्या वर्णास साजणारी होती. फिकट छटांत टिटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या द्रव्याचा भरणा असतो, आणि सावळ्या ओठांवर तो राखेसारखा दिसतो. हे आम्ही तिला सांगितले मात्र, आणि तिचे डोळे भरून आले. "म्हणजे मी काळी आहे म्हणून!" ती म्हणाली. आम्ही रसायनशास्त्र सांगत होतो. तिने भलतेच ऐकले. परंतु भलते म्हणावे तरी कसे? याच देशात १९७५ पासून गोरेपणाचे मलम नळ्यांतून विकले गेले, आणि त्याच्या नावातील "फेअर" हा शब्द निघण्यास २०२० साल उजाडावे लागले. पंचेचाळीस वर्षांत मुलींच्या दोन पिढ्या आरशापुढे उभ्या राहून गेल्या. त्यांपैकी एकीने ही मुलगी वाढविली आहे, आणि दुसरीने, म्हणजे आम्ही, तिला चुकीच्या शब्दांत सल्ला दिला.

सर्वच गाजावाजा पोकळ असतो, असे मात्र आमचे म्हणणे नाही. रिहाना या गायिकेने २०१७ च्या सप्टेंबरात फेंटी ब्यूटी हा उद्योग काढला, तेव्हाही डंका कमी पिटला गेला नाही; परंतु तिने चेहऱ्यास लावावयाच्या लेपाच्या चाळीस छटा एकदम आणल्या, त्यांत अगदी काळ्याभोर वर्णाच्या स्त्रियांचीही सोय होती, आणि नंतर इतर कंपन्यांसही आपल्या छटा वाढवाव्या लागल्या. तेथे डंक्यामागे वस्तू होती. भाचीच्या बाबतीत डंक्यामागे वस्तू असो वा नसो, भाचीकरिता ती नव्हती.

चमकीविषयी दोन शब्द सांगून पुढे जातो. त्या संचात एक चकाकणारी छटाही होती. अशी चमक पुष्कळदा अभ्रकाची असते. झारखंड व बिहारच्या डोंगरांत फुटकळ अभ्रक वेचण्याच्या कामी लहान मुले लावली जातात, खाणींच्या बिळांत दडपून ती मरतातही, हे २०१६ साली वृत्तपत्रांतून उघडकीस आले. तेव्हा २०१७ मध्ये काही मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन या धंद्यातील बालमजुरी थांबविण्यासाठी संस्था स्थापन केली. आमच्या समोरच्या कुपीतील अभ्रक कोठचे, हे कुपीवर लिहिलेले नव्हते. आमची भाची चौदा वर्षांची आहे. वेचणारी मुले त्याहून लहान असतात.

आता कित्येक पालक म्हणतील की, एवढा खल कशास? शाळेतील मुलीस लाली नकोच, असे सांगून टाकावे म्हणजे झाले. आमचे मत तसे नाही, आणि त्यास कारण आहे. आम्ही सातवीत असताना नाताळच्या सजावटीतील तांबडा क्रेप कागद पाण्यात भिजवून ओठांस चोळण्याची युक्ती मुलींत निघाली होती. एका सकाळी प्रार्थनेच्या रांगेत एका बाईंनी एका मुलीस पुढे बोलावून सर्वांदेखत रुमालाने तिचे ओठ खसाखसा पुसले. ओठ दुखले ते दुपारपर्यंत थांबले. परंतु त्या मुलीने त्यानंतर त्या बाईंस एकही शंका विचारली नाही, मग ती गणिताची असो वा आयुष्याची. ती मुलगी आम्हीच होतो. नटण्याची हौस हा अपराध नव्हे. आमच्या आजीच्या काळी घरी तुपाच्या दिव्यावर काजळ धरीत, शंखजिऱ्याची पूड अंगास लावीत, अबोलीचा गजरा माळीत. आणि त्या काळच्या स्त्रिया आमच्याहून कमी गंभीर होत्या, असे कोणी म्हणणार नाही. आमची हरकत लालीस नाही. ठीक सात वाजता हुकुमाप्रमाणे ती हवीशी वाटण्यास आहे.

असो. सात वाजण्यास दहा मिनिटे असता आम्ही आमची विटकरी छटा यादीतून काढून टाकिली. भाचीस मात्र "तुझे पैसे आहेत, तुझे तू ठरीव," असे सांगितले. हे औदार्य होते की जबाबदारी टाळणे होते, हे आम्हांस अजून नीट ठरविता आलेले नाही. ती मोबाईल घेऊन आतल्या खोलीत गेली. सातला चार मिनिटे झाली तेव्हा "संपली" अशी अक्षरे तिच्या मोबाईलवर आली, हे तिनेच येऊन सांगितले. घेतली काय, असे विचारण्याचे आम्हांस धैर्य झाले नाही. ती जेवावयास आली नाही. रात्री साडेनवाला उठून तिने आमटीभात वाढून घेतला आणि आमच्याकडे न पाहता म्हणाली, "बोट ठेवलं होतं. दाबलं नाही."

सोमवारी मधल्या सुट्टीत तिची स्थिती काय झाली, ते आम्ही वरच्या मजल्यावरून पाहिले. वर्गातील दोघींना लाली मिळाली होती, परंतु ती घरी यावयाची होती. आणि उरलेल्या सर्व मुली न मिळालेल्या होत्या. तेव्हा घोळका न मिळालेल्यांचाच मोठा होता, आणि ती त्याच्या मध्यभागी उभी होती. तिने त्यांस आपण घेतलीच नाही असे सांगितले, की मिळाली नाही असे सांगितले, हे आम्ही विचारले नाही.

जानेवारीत तीच लाली त्याच ठिकाणी ९७५ रुपयांस दिसू लागली, आणि खाली "भरपूर साठा" असे लिहिलेले होते. भाचीने ते आम्हांस दाखविले. खरे सांगावयाचे तर आमचे मन पुन्हा एकदा विटेकडे वळले. "आता घ्यायची का गं?" आम्हीच विचारले. ती म्हणाली, "आता कशाला? आता कोणी तिच्याबद्दल बोलतसुद्धा नाही." मग ती अभ्यासास बसली.

डब्यातील पैसे अद्याप डब्यातच आहेत. नाताळच्या सकाळी देवळात जाताना तिने आमचीच जुनी मरून रंगाची कांडी मागून घेतली होती. १५० रुपयांस घेतलेली, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानातील. ती तिला आमच्यापेक्षा अधिक शोभते. तेव्हापासून ती कांडी दोघींत फिरते आहे, आणि आता इतकी तळाशी गेली आहे की काडेपेटीतील काडीने खरवडून काढावी लागते.